कोंबडा न ठेवता कोंबड्यांची वीण : घणसोली गावठाणातील एका परसाचे प्रकरण

नवी मुंबईतील घणसोली गावठाणात, जुन्या कौलारू घरामागे थोडे परस अजून राखून असलेल्या एका आगरी कुटुंबाचे हे प्रकरण आहे. कुटुंबाच्या संमतीने ते लिहिले असून नावे वगळली आहेत. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, शेतजमिनींवर नव्या शहराचे सेक्टर आले आणि पुढे गावठाणातही एकेका घराच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. या परसाला आज तीन बाजूंनी अशा इमारती लागून आहेत आणि सर्वांत जवळची खिडकी खुराड्यापासून पाच-सात पावलांवर आहे. घरातील ज्येष्ठ बाईंना गल्लीत सगळे मावशी म्हणतात. येथेही तेच संबोधन वापरले आहे.

मावशींकडे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. कोंबड्यांपैकी दोन पशुसंवर्धन खात्याच्या योजनेतून आलेल्या सुधारित जातीच्या, भरपूर अंडी देणाऱ्या होत्या. तीन साध्या गावठी होत्या. आणि एक, डोक्यावर पिसांचा तुरा असलेली करडी कोंबडी, मावशींच्या मुरबाड तालुक्यातील माहेरून आलेल्या वाणाची होती. तिला घरात तुरेवाली म्हणत. मावशींच्या आईच्या वेळेपासून हा तुऱ्याचा वाण माहेरी होता, पण तिथे तो सरमिसळ होऊन जवळजवळ संपला होता. घणसोलीतील ही एकच कोंबडी उरली होती, आणि पुढे उद्भवलेल्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी तीच होती.

तक्रार कोंबड्याबद्दल आली. शेजारच्या इमारतीत राहणारा तरुण महापे येथे रात्रपाळी करीत असे. त्याने भांडण न करता सांगितले, “मावशी, पहाटे घरी येऊन जरा डोळा लागतो, तोच हा सुरू होतो. काहीतरी करा.” घरच्यांनी खुराड्यावर गोणपाट आणि ताडपत्री टाकून पाहिली. आवाज थोडा दबला, आरवणे थांबले नाही. आणि ते थांबणार नव्हतेच. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, कोंबड्याचे पहाटेचे आरवणे त्याच्या शरीरातील अंतर्गत घड्याळावर चालते आणि उजेड दिसण्यापूर्वीच सुरू होते. त्यामुळे अंधार करून त्याला फसवता येत नाही. गळ्याला पट्टा आवळून आवाज कमी करण्याचा उपाय कोणीतरी सुचवला होता. श्वासनलिकेवर सतत दाब ठेवणारा हा उपाय मला क्रूर वाटतो आणि मी तो कोणालाही सुचवत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि पाच-सात पावलांवरून आरवणारा कोंबडा ती सहज ओलांडतो. तक्रार रास्त होती. आषाढात मावशींचा भाऊ आला आणि कोंबडा मुरबाडला घेऊन गेला.

दिवाळीच्या सुमारास कुटुंबाने मला सल्ला विचारला तेव्हा प्रश्न असा मांडला होता : कोंबडा न ठेवता पिल्ले काढता येतील का? या एका प्रश्नात प्रत्यक्षात दोन मागण्या मिसळल्या होत्या. पहिली मागणी कळप टिकवण्याची होती, कारण सुधारित कोंबड्यांचे वय होत चालले होते आणि अंडी कमी झाली होती. दुसरी तुरेवालीचा वंश पुढे नेण्याची होती. पहिलीसाठी कोणत्याही चांगल्या कळपातील फलित अंडी चालतात. दुसरीसाठी त्याच एका कोंबडीचे अंडे फलित व्हावे लागते. या दोन मागण्या वेगळ्या केल्याशिवाय कोणताही उपाय धड ठरत नाही, म्हणून सुरुवातीलाच त्या वेगळ्या लिहून घेतल्या.

कोंबडी अंडे देते ते तिच्या स्वतःच्या शरीरचक्राने आणि उजेडाच्या तासांनुसार. कोंबडा असो वा नसो, अंडे येतेच. दुकानात मिळणारी पोल्ट्रीची अंडी कोंबडा नसलेल्या शेडमधील असल्याने त्यांतून पिल्लू निघू शकत नाही. मात्र कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात आणि कोंबड्याचे शुक्राणू तिथे साठून जिवंत राहतात. एकदा संग झाल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनची अंडी फलित येऊ लागतात आणि पुढे दहा ते चौदा दिवस, क्वचित तीन आठवड्यांपर्यंत, ती तशी येत राहतात. याचा अर्थ असा की, आषाढात कोंबडा मुरबाडला गेल्यानंतरही दीडेक आठवडा घणसोलीतील अंडी फलित होती. घरच्यांना याची कल्पना नव्हती आणि ती अंडी खाण्यात गेली. ज्या कोणाला कोंबडा द्यावा लागणार आहे, त्याने निदान ही मुदत लक्षात ठेवावी. कारण त्या काळात एखादी कोंबडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेली, असेल तर काहीही वेगळे न करता एक रवण, म्हणजे एका वेळी उबवायची अंडी, बसवता येते.

मावशींच्या नातवाने एक शंका विचारली होती, ती नोंदवण्याजोगी आहे : कोंबड्याशिवाय पिल्लू कधीच होत नाही का? पक्ष्यांमध्ये अफलित अंड्यात गर्भ वाढू लागल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शासकीय संशोधन केंद्रात १९५० च्या दशकात टर्कीच्या काही अफलित अंड्यांतून जिवंत पिल्लेही निघाली. पण पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रे दोन वेगळ्या प्रकारची आणि नराची एकाच प्रकारची असतात, आणि अशा अंड्यातील गर्भाला एकच प्रकार दुप्पट होऊन मिळतो. त्यामुळे बापाविना जन्मलेले ते प्रत्येक पिल्लू नरच होते. कोंबड्यांत असे गर्भ बहुधा सुरुवातीलाच मरतात, म्हणून व्यवहारात त्याचा काही उपयोग नाही.

पहिली मागणी आधी हाती घेतली. गावठी कोंबड्यांपैकी काळी दर वर्षी खुडूक होत असे. सुधारित जातींत हा स्वभाव निवडीने जवळजवळ काढून टाकलेला असतो, कारण खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते. म्हणून परसात निदान एक गावठी कोंबडी असणे हे कोंबडा नसलेल्या घराचे मोठे भांडवल असते. कार्तिकात काळी खुराड्याच्या कोपऱ्यात दिवसभर बसून राहू लागली. हात जवळ नेला की ती अंग फुगवून गुरगुरे, छातीखालची पिसे गळून कातडी उघडी पडली होती, आणि दिवसातून एकदाच ती खाण्यापिण्यासाठी उतरे. मावशींनी तिच्याखाली पोल्ट्रीची दोन अंडी उकडून ठेवली, म्हणजे खरी अंडी येईपर्यंत तिची बैठक मोडणार नाही. ही जुनी रीत आहे आणि फार कामाची आहे, कारण फलित अंडी आणि खुडूक कोंबडी एकाच दिवशी तयार असणे हा योग क्वचितच जुळून येतो.

अंडी कोठून आणावीत याचा विचार करताना बाजारातील गावठी अंडी आधी बाद केली. ती फलित असू शकतात, पण किती दिवसांची आहेत आणि उन्हात किती वेळ पडली आहेत हे विक्रेत्यालाही माहीत नसते. उबवायचे अंडे सात दिवसांच्या आत बसवलेले बरे. त्यानंतर दर दिवसाला पिल्लू निघण्याची शक्यता घटते. ते १५ ते १८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे असे शास्त्र सांगते. नवी मुंबईत खोलीचे तापमान वर्षातील बहुतेक दिवस त्याहून बरेच जास्त असते, आणि अशा उबेत गर्भ अर्धवट वाढू लागून कमकुवत होतो. घरचा फ्रिज उलट फार थंड पडतो. मावशींच्या घरी मातीच्या माठाशेजारी ओल्या फडक्याने झाकलेल्या टोपलीत अंडी टोकदार बाजू खाली करून ठेवली आणि चार-पाच दिवसांपेक्षा जास्त थांबायचे नाही असे ठरले.

शेवटी अंडी मुरबाडहून भावाच्या कळपातूनच आली. त्याच्याकडे दोन कोंबडे आणि पंधरा-सोळा कोंबड्या होत्या. एका नरामागे आठ-दहा माद्या हे प्रमाण फलनासाठी योग्य असते. खात्री करण्यासाठी त्यातली दोन अंडी बशीत फोडून पाहिली. बलकावर जो पांढरा ठिपका असतो तो अफलित अंड्यात लहान, भरीव आणि कडांना वेडावाकडा असतो. फलित अंड्यात तो थोडा मोठा, चार-पाच मिलिमीटरचा, गोल आणि मध्ये फिका असलेल्या कड्यासारखा दिसतो. दोन्ही अंड्यांत कडे स्पष्ट होते. मुरबाड ते कल्याण, तिथून शिळफाटा आणि महापेमार्गे घणसोली असा रस्ता खड्ड्यांचा असल्याने अंडी भाताच्या तुसात बसवून आणली. ती न धुता एक रात्र स्थिर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधार पडल्यावर उकडलेली अंडी काढून काळीखाली अकरा अंडी सरकवली.

सातव्या रात्री ती पाहिली. पुठ्ठ्याची नळी मोबाइलच्या टॉर्चवर धरून तिच्या तोंडावर अंड्याची बोथट बाजू टेकवली की आतले दिसते. दोन अंडी नुसतीच पिवळसर उजळली, म्हणजे ती वांझ होती. एकात लाल कडे दिसले आणि शिरा नव्हत्या. त्यातील गर्भ मेला होता. उरलेल्या आठांत मधोमध काळा ठिपका होता आणि त्यापासून तांबड्या बारीक शिरा चहूकडे पसरलेल्या होत्या. एका अंड्यातला ठिपका हलला तेव्हा नातवाने ते अंडे परत ठेवायला नकार दिला आणि मावशींना त्याच्या हातातून ते काढून घ्यावे लागले. तीन अंडी वेगळी काढली, कारण मेलेले अंडे उबेत सडून फुटले तर सगळे घरटे नासते. एकविसाव्या दिवशी सात पिल्ले निघाली. एक पिल्लू दुसऱ्याच दिवशी घुशीने नेले. गावठाणातील गटारांमुळे घुशी हा इथला सर्वांत मोठा शत्रू आहे; खुराड्याच्या तळाला बारीक जाळी नसेल तर बाकी सगळी काळजी वाया जाते. जाळी त्याच दिवशी बसवली. सहा पिल्ले वाढली.

अंडी उबवणी यंत्राचाही विचार झाला होता. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंशांच्या आसपास तापमान, अठराव्या दिवसापर्यंत रोज किमान तीन-चार वेळा अंडी फिरवणे, पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के, हे त्याचे गणित आहे. आपल्याकडे अडचण येते ती पावसाळ्यात. अठरा दिवसांत अंड्याचे वजन बाष्प उडून सुमारे १२ टक्के कमी व्हावे लागते. ५० ग्रॅमच्या अंड्यातून ६ ग्रॅम पाणी जायला हवे. जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-नवी मुंबईची हवाच इतकी दमट असते की, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे यंत्रात पाणी भरत राहिले तर बाष्प उडत नाही आणि पिल्ले आत सुजून, कवच न फोडताच मरतात. त्या महिन्यांत पहिले अठरा दिवस पाणी न भरणेच योग्य. काळी असताना यंत्राची गरज नव्हती, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

दुसरी मागणी, म्हणजे तुरेवालीचा वंश, जास्त अवघड होती आणि तिच्यासाठी तीन मार्ग पुढे होते : कोंबडा काही दिवस उसना आणणे, कोंबडीला कोंबड्याकडे पाठवणे, किंवा कृत्रिम रेतन.

कृत्रिम रेतनाबद्दल घरातील सुनेने चौकशी करून ठेवली होती. कोंबड्याच्या पाठी-पोटाला मालीश करून वीर्य घेण्याची पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत बरोज आणि क्विन यांनी रूढ केली आणि आजही मोठ्या पैदास केंद्रांत ती वापरतात. एका कोंबडीला ०.०५ मिलिलिटर इतकेसे वीर्य पुरते आणि आठवड्यातून एकदा दिले तरी अंडी फलित येत राहतात. ते दुपारनंतर द्यावे लागते, कारण सकाळी कवच तयार झालेले अंडे अंडनलिकेत असते आणि वाट अडवते. पण काहीही न मिसळलेले वीर्य साधारण अर्ध्या तासात वापरावे लागते, आणि सर्वांत जवळचा विश्वासाचा कोंबडा मुरबाडला होता. शिवाय कोंबडीची अंडनलिका बाहेर काढण्याचे काम शिकलेल्या हातानेच व्हायला हवे. अडाणीपणे दाबले तर पोटात अंडे फुटून ती दगावू शकते. घरगुती परसासाठी हा मार्ग मला योग्य वाटत नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकलेल्या पशुवैद्याच्या देखरेखीखाली कोणी तो करीत असेल तर गोष्ट वेगळी.

कोंबडा उसना आणण्यास सुनेचा विरोध होता आणि तो बरोबर होता. शेजाऱ्याला दिलेला शब्द चार दिवसांसाठीही मोडणे तिला मान्य नव्हते. तेव्हा पौषात तुरेवालीला मुरबाडला नेले. पाय बांधून उलटी लटकवण्याची जी सर्रास पद्धत आहे ती न वापरता तिला झाकण असलेल्या वेताच्या पाटीत बसवून नेले. भावाने एक तरणा कोंबडा निवडून दोघांना आठवडाभर वेगळ्या खुराड्यात ठेवले, कारण नव्या कोंबडीला कळपात सोडले की बाकीच्या तिला टोचून टोचून हैराण करतात. आठव्या दिवशी तुरेवाली घणसोलीला परत आली आणि तिने अंडी देणेच बंद केले.

प्रवास आणि जागाबदल यांमुळे कोंबडी काही दिवस अंडी थांबवते, हे सर्वश्रुत आहे. पण इथे त्या थांबण्याचा अर्थ असा होता की शुक्राणूंची मुदत रिकामी निघून जात होती. नऊ-दहा दिवसांनी तिने पुन्हा अंडी सुरू केली तेव्हा पहिली दोन उबवायला ठेवली आणि दोन्ही वांझ निघाली. या प्रकरणातून शिकण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट मला ही वाटते : कोंबडीला नेऊन फळवून आणणे आणि मग घरी अंड्यांची वाट पाहणे हा उलटा क्रम आहे. ती जिथे फळेल तिथेच तिला अंडी देऊ द्यावीत आणि अंडी घरी आणावीत. भावाने फोनवर एका वाक्यात हेच सांगितले, “ताई, अंडी होईपर्यंत कोंबडी इथंच राहू दे, तिला कशाला धावडवतेस?”

माघात तुरेवाली पुन्हा गेली आणि या वेळी महिनाभर राहिली. भावाची बायको रोज अंडे काढून त्यावर पेन्सिलने तारीख लिहीत असे. तुरेवालीची अंडी निमुळती आणि फिकट बदामी होती, त्यामुळे इतरांत मिसळण्याचा धोका नव्हता; तरीही तिला वेगळे ठेवले होते, म्हणजे बाप कोण याबद्दल शंका उरू नये. दोन कोंबड्यांशी संग झाला तर अंडी कोणाची हे सांगता येत नाही, आणि दुसरा कोंबडा लावायचा असेल तर मध्ये तीन आठवडे सोडावे लागतात. इकडे काळी पिल्लांतून मोकळी होऊन पुन्हा अंड्यांवर आली होती, पण खुडूक नव्हती. दुसरी गावठी कोंबडी मात्र बसली होती. तिच्याखाली आधीसारखीच उकडलेली अंडी ठेवून, तारखांप्रमाणे सर्वांत ताजी नऊ अंडी मुरबाडहून आणून बसवली. सहा पिल्ले निघाली. त्यातल्या तिघांच्या डोक्यावर, कवचातून बाहेर पडून अंग सुकल्यावर, बोटाने चाचपता येईल असा मऊ उंचवटा होता. मावशींनी ती तीन पिल्ले ओंजळीत घेऊन कितीतरी वेळ खाली ठेवली नाहीत.

मुरबाड आणि घणसोली यांच्यात अशी ये-जा ठेवायची तर रोगाचा विचार टाळता येत नाही, आणि हौशी लोक नेमके तेच टाळतात. मुरबाडशेजारच्या शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू आढळला होता आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. राज्यात हा रोग प्रथम आढळला तो २००६ मध्ये नवापूरला. अशा वेळी बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरपर्यंतचे पक्षी नष्ट केले जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. परसातल्या सहा कोंबड्यांनाही त्यातून सूट नसते. म्हणून कुटुंबाने असे ठरवले की, परत आलेली कोंबडी दोन आठवडे बाकीच्यांपासून दूर, ओट्यावरच्या वेगळ्या खुराड्यात राहील, तिचे पाणी-खाणे वेगळे असेल आणि नेण्या-आणण्याची पाटी उन्हात वाळवून चुन्याचे पाणी मारल्याशिवाय पुन्हा वापरायची नाही. अंडी आणण्यात जिवंत पक्षी आणण्यापेक्षा रोगाचा धोका कमी असतो, हेही अंडीच आणण्याच्या बाजूचे एक कारण.

लसीकरण गावठाणातील तीन-चार घरांनी मिळून केले. राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. सहा पिल्लांसाठी कुपी फोडायला कोणी धजत नाही आणि म्हणूनच परसातली पिल्ले बिनलशीची राहून मानमोडीने मरतात. पहिल्या आठवड्यात डोळ्यात मानमोडीच्या लासोटा लशीचा एक थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या रोगाची लस, चौथ्याच्या सुमारास पुन्हा लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांत मानमोडीचे इंजेक्शन, असा क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घेतला होता.

आता ज्या प्रश्नाकडे कुटुंबाने सुरुवातीला पाहिलेच नव्हते त्याकडे येतो. पिल्लांत निम्मे नर असतात. ही सरासरी आहे. लहान रवणीत ती कशीही झुकते. काळीच्या सहा पिल्लांपैकी चार नर निघाले. सातव्या-आठव्या आठवड्यात डोक्यावरचे मांसल तुरे लाल आणि मोठे दिसू लागले, बाराव्या आठवड्यात मानेवर आणि कमरेवर टोकदार चमकदार पिसे फुटली, आणि एका पहाटे त्यातला एक घोगऱ्या आवाजात आरवला. एक कोंबडा आवाजामुळे द्यावा लागलेल्या घरात आता चार होणार होते. फलित अंडी मिळवणे, ती उबवणे, पिल्ले जगवणे या सगळ्यांचे मार्ग माहितीने आणि थोड्या कष्टाने सापडतात. कोंबडा न ठेवता वीण करायची तर खरा अडसर जन्मणाऱ्या नरांचा आहे, आणि त्याचे उत्तर अंडी बसवण्यापूर्वी हातात असायला हवे.

काहींच्या मते यावर सरळ उपाय म्हणजे लिंग ओळखून दिलेल्या माद्याच विकत घ्याव्यात. अंड्यांसाठीच्या जातींची एक दिवसाची मादी पिल्ले मिळतात आणि ती रात्री खुडूक कोंबडीखाली हळूच सरकवली तर ती त्यांना आपली मानते. कळप टिकवण्याच्या मागणीला हे पुरेसे आहे. पण त्या माद्यांचे भाऊही त्याच ट्रेमध्ये जन्मलेले असतात, आणि अंड्यांच्या जातींचे नर मांसासाठी परवडत नसल्याने उबवणी केंद्रांत बहुतेक पहिल्याच दिवशी मारले जातात. नर टळत नाही, आपल्या नजरेआड होतो एवढेच. ज्याला ते चालते त्याने तसे करावे. पण आपण नर टाळला अशी समजूत करून घेऊ नये. तुरेवालीच्या वंशासाठी तर हा मार्ग नव्हताच.

घरात यावर मतभेद झाले आणि ते मोकळेपणाने झाले. मावशींना नर कापून खाण्यात गैर वाटत नव्हते. गावदेवीच्या मानाला आणि आखाडात घरचा कोंबडा लागतोच, असे त्यांचे म्हणणे होते. नातवाने त्या चौघांना हाताने भरवले होते आणि सून त्याच्या बाजूने होती. मुरबाडला सगळे पाठवून द्यावे हा मधला मार्ग सोपा वाटला, पण भावाने त्याला नीट हरकत घेतली. त्याच्या पंधरा-सोळा कोंबड्यांना दोन कोंबडे पुरे होते. आणखी चार सोडले तर मारामाऱ्या होणार, कोंबड्यांच्या पाठी सोलवटणार आणि दाणा वाया जाणार. शहरात नकोसे झालेले नर गावातल्या नातेवाइकाच्या दारात सोडणे म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे, ही त्याची भूमिका मला पूर्ण पटली.

शेवटी ठरले ते असे. नर दहा आठवड्यांचे होण्याआधी, म्हणजे आरवण्यापूर्वी, मुरबाडला जातील. तोवरच्या दाण्याचा आणि लशीचा खर्च घणसोलीचा, पुढचा भावाचा. तिथे ते वेगळ्या वाड्यात वाढवून भाऊ आखाडात, गावठी कोंबड्याला भाव चढतो तेव्हा, विकेल आणि ते पैसे त्याचे. घरी खाण्यासाठी एक राखायचा की नाही हे मावशी ठरवतील, मात्र नातवाला आधी सांगून. आणि वर्षाला दोनपेक्षा जास्त रवणी बसवायच्या नाहीत, कारण भावाकडे त्याहून जास्त नरांना जागा नाही. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : किती पिल्ले काढायची हे खुडूक कोंबडीवर किंवा मिळणाऱ्या अंड्यांवर नव्हे, तर नरांना मिळणाऱ्या जागेवर ठरवले गेले. पहिल्या रवणीतील चौघे या करारानुसार थोडे उशिराच गेले. शेजाऱ्याने त्या काही पहाटा सोसल्या आणि सुनेने स्वतः जाऊन त्याला दिवस सांगून ठेवले होते.

तुरेवालीच्या सहा पिल्लांपैकी दोन नर निघाले आणि वेळेत गेले. उरलेल्या चार तलंगांपैकी, म्हणजे अजून अंड्यांवर न आलेल्या तरण्या कोंबड्यांपैकी, दोघींना तुरा आहे. कोंबडा घरात नसण्याचा एक फायदा इथे दिसतो : परसात एकच कोंबडा वर्षानुवर्षे असला की बाप आणि लेकी यांच्यात वीण होत राहते, पिल्ले किडकी होतात आणि अंडी फळण्याचे प्रमाण घसरते, दर वेळी बाहेरून नर निवडायचा असेल तर ते टाळता येते. परंतु तुरेवालीचे दोन मुलगेही आता मुरबाडच्याच वाड्यात आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या डोक्यावर तुरा असल्याने भावाला तो ठेवून घ्यावासा वाटतो आहे. तो ठेवला तर तलंगांना पुढच्या हिवाळ्यात तिथे पाठवताना सख्ख्या भावाशीच गाठ पडेल. म्हणून त्याच्या पायात निळे कडे आणि तलंगांच्या पायांत पिवळी कडी घातली आहेत, आणि त्यांच्यासाठी शेजारच्या पाड्यावरील, या कळपाशी नाते नसलेला एक कोंबडा भावाने पाहून ठेवला आहे. तुऱ्याचा नर ठेवायचाच झाला तर तो भावाच्या इतर कोंबड्यांवर चालेल आणि माहेरी संपत आलेला तुरा त्याच्याकडून तिथे परत येईल. मावशींना हा बेत पसंत आहे; तलंगा अंड्यांवर आल्या की पहिली कोण पाठवायची, एवढे ठरायचे बाकी आहे.